त्वचेवरील चट्ट्याचे निदान : बोट, भिंग आणि सूक्ष्मदर्शक

हाताच्या पाठीमागील अंगास, मनगटाच्या थोडा वर, एक वाटोळा चट्टा उठलेला असतो. त्याची कडा किंचित उंचावलेली, मधला भाग सपाट आणि रंग तांबूस असतो. खाज नाही, ठणका नाही, ताप नाही. शेजारीपाजारी त्यास गजकर्ण म्हणतात; औषधाच्या दुकानातून मलमाची नळी आणली जाते; चट्टा काही दिवस फिका पडतो आणि पुन्हा वर येतो. असे करता करता एक वर्ष निघून जाते. एके दिवशी त्याच हाताची करंगळी वाकडी होऊ लागते, आणि मग मात्र घरातील माणसे घाबरून रुग्णालयाची वाट धरतात.

ह्या एकाच वर्तुळाचे निदान चार प्रकारांनी होऊ शकते. ते खरोखरच गजकर्ण, म्हणजे कवकामुळे होणारा उथळ विकार असू शकेल. ते वलयाकार कणार्बुद, म्हणजे ग्रॅन्युलोमा ॲन्युलारे असू शकेल; हा विकार निरुपद्रवी असून पुष्कळदा कोणत्याही उपचारावाचून नाहीसा होतो. ते त्वचेचा क्षय असू शकेल. आणि ते कुष्ठरोगाचे पहिले चिन्हही असू शकेल. चारही प्रसंगी डोळ्यांस जे दिसते त्यात साम्य असते; परंतु रुग्णाच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने त्या चारांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. म्हणूनच निदान हा केवळ वैद्यकशास्त्रातील एक रंजक प्रश्न नव्हे. त्यावर एका माणसाचा हात, त्याचे डोळे, त्याची नोकरी आणि त्याचे गावातील स्थान अवलंबून असते.

आजच्या वैद्याजवळ ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची तीन साधने आहेत. पहिले त्याचे स्वत:चे डोळे व बोटे. दुसरे डर्मोस्कोप नावाचे प्रकाशयुक्त भिंग. आणि तिसरे बायोप्सी, म्हणजे त्वचेचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली करावयाची जीवोतक परीक्षा. ह्यांपैकी कोणते साधन श्रेष्ठ, असा वाद पुष्कळदा ऐकू येतो. तो वाद मुळातच चुकीचा आहे. खरा प्रश्न श्रेष्ठतेचा नसून क्रमाचा आहे. आणि हा क्रम मोडल्यामुळे होणारे नुकसान साधनांच्या अभावामुळे होणाऱ्या नुकसानाहून कमी नाही.

कणार्बुद म्हणजे काय?

१८८२ साली रशियन शास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह हे सिसिलीतील मेसिना येथे राहत होते. तारामाशाच्या पारदर्शक डिंभात त्यांनी गुलाबाचा काटा टोचला व दुसऱ्या दिवशी त्याचे निरीक्षण केले. काट्याभोवती फिरत्या कोशिकांचा घोळका जमलेला त्यांना दिसला. शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूस गिळून टाकणाऱ्या ह्या भक्षी कोशिकांच्या शोधाबद्दल त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

भक्षी कोशिकेने जंतू गिळला आणि मारला, म्हणजे काम संपते. परंतु काही शत्रू असे असतात की ते गिळता येतात, पण पचविता येत नाहीत. क्षयाचे व कुष्ठाचे जंतू, काही कवके, लीशमानिया नावाचा आदिजीव, शिवणीचा दोरा, वाळूचा किंवा काचेचा कण, हे सर्व ह्या वर्गातले. अशा वेळी शरीर वेढा घालण्याचे धोरण स्वीकारते. महाभक्षी कोशिका फुगून एकमेकींस चिकटतात. त्यांच्यापैकी काही एकत्र मिसळून अनेक केंद्रके असलेल्या प्रचंड कोशिका बनतात. बाहेरून लसीका कोशिकांचा पहारा बसतो. १८६८ साली थेओडोर लांगहान्स यांनी क्षयाच्या गाठींतील ज्या महाकोशिकांचे वर्णन केले, त्यांची केंद्रके घोड्याच्या नालाप्रमाणे कडेला मांडलेली दिसतात. ह्या सगळ्या जमावाला ग्रॅन्युलोमा अथवा कणार्बुद असे नाव आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. कणार्बुद हे रोगाचे नाव नाही. ते शरीराने दिलेल्या उत्तराचे नाव आहे. एखाद्या किल्ल्यास वेढा पडलेला दूरवरून दिसला, तरी आत कोण अडकले आहे ते वेढा पाहून कळत नाही. काही वेळा तर आत कोणीच सापडत नाही. सार्कॉइडोसिस ह्या विकारात त्वचा, फुप्फुसे, डोळे इत्यादी ठिकाणी कणार्बुदे होतात, पण त्यांचे कारण अद्याप निश्चित झालेले नाही. तेव्हा ‘कणार्बुदी दाह’ एवढेच शब्द असलेला प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला म्हणजे निदान झाले, असे जो समजतो तो अर्ध्या वाटेवरच थांबतो.

बोटाची परीक्षा

पहिली परीक्षा उजेडाची. रुग्णास दिवसाच्या प्रकाशात बसवून त्याची संपूर्ण त्वचा पाहावयास हवी. एकच चट्टा दाखविणाऱ्या रुग्णाच्या पाठीवर आणखी तीन चट्टे असू शकतात. चट्टा कोरडा आहे काय, त्यावरील केस गळाले आहेत काय, घाम येतो काय, कड स्पष्ट आहे की आसपासच्या त्वचेत विरून जाते, मागे व्रण किंवा वण राहिला आहे काय, हे सारे प्रश्न कोणत्याही यंत्रावाचून सुटतात. त्वचेच्या क्षयाचा ल्युपस व्हल्गारिस हा प्रकार वर्षानुवर्षे एका कडेने सरकत जातो आणि दुसऱ्या कडेस वण ठेवीत जातो. एके काळी युरोपात हा रोग माणसांचे चेहरे खाऊन टाकीत असे. त्यावरील प्रकाशोपचाराबद्दल डेन्मार्कचे नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ह्यावरून त्या काळी ह्या रोगाची किती दहशत होती ते समजते.

दुसरी परीक्षा स्पर्शाची. कापसाची बारीक वात चट्ट्यावर टेकवावयाची आणि डोळे मिटलेल्या रुग्णाने ती कोठे टेकली ते बोटाने दाखवावयाचे, एवढीच ही कृती आहे. प्रथम डोळे उघडे ठेवून ती त्यास समजावून द्यावी लागते आणि निरोगी त्वचेवर करून पाहावी लागते. गरम व थंड पाण्याच्या दोन नळ्यांनी उष्णतेची जाणीव तपासता येते. त्यानंतर मज्जातंतू चाचपावयाचे. कोपराच्या आतील अंगास, मानेवर कानाखाली, गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूस आणि घोट्याच्या आतील बाजूस ते बोटांस लागतात. दोन्ही बाजूंची तुलना केली म्हणजे कोणता जाड झाला आहे ते ध्यानात येते.

फिक्या किंवा तांबूस चट्ट्यात संवेदना निश्चितपणे गेलेली असणे. मज्जातंतू जाड होऊन त्याच्या प्रदेशात संवेदना वा शक्ती कमी होणे. आणि त्वचेच्या रसात जंतू सापडणे, ही कुष्ठरोगाची तीन प्रमुख लक्षणे मानली जातात. ह्यांपैकी पहिली दोन बोटाने कळतात. कारणही तसेच आहे. १८७३ साली नॉर्वेतील बर्गन येथे आर्मावर हान्सेन यांनी ज्या जंतूचा शोध लावला, तो मज्जातंतूंत शिरून वस्ती करतो. त्वचेच्या इतर कणार्बुदी रोगांत हा गुण आढळत नाही. मुंबईचे विकृतिवैज्ञानिक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास आरंभीच्या चट्ट्यांतील ऊतकांचा जो अभ्यास केला, त्यातही मज्जातंतूंच्या ह्या सहभागावर भर होता.

बोटाच्या परीक्षेसही मर्यादा आहेत आणि त्या प्रांजळपणे सांगितल्या पाहिजेत. चेहऱ्याच्या त्वचेत मज्जातंतूंचे जाळे दाट असल्यामुळे तेथील चट्टा कुष्ठाचा असूनही संवेदना शाबूत वाटू शकते. लहान मूल स्पर्शाचे उत्तर नीट देऊ शकत नाही. आणि ज्या रुग्णाच्या शरीरात जंतूंना विरोधच होत नाही, त्याच्या पसरट, अस्पष्ट चट्ट्यांत आरंभी संवेदना गेलेली नसते. ह्याच रुग्णाच्या त्वचेत जंतूंची संख्या सर्वांत अधिक असते. अशा प्रसंगी कानाच्या पाळीस चिमटीत दाबून, बारीक छेद घेऊन, तेथील रस काचपट्टीवर पसरावयाचा व रंगवून पाहावयाचा, ही जुनी व अल्पखर्चाची पद्धती उपयोगी पडते.

भिंगाची परीक्षा

त्वचा भिंगातून पाहण्याची कल्पना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पॉल गेर्सन ऊना हे त्वचेवर तेल लावून व काच दाबून पाहत असत. काच दाबली म्हणजे लहान रक्तवाहिन्यांतील रक्त बाजूस सरते आणि लाली नाहीशी होते. आत कणार्बुदांचा साठा असला, तर लालीच्या जागी सफरचंदाच्या जेलीसारखा पिवळसर तपकिरी रंग उरतो. आजचा डर्मोस्कोप ह्याच काचेचा सुधारलेला वंशज होय. त्यात सामान्यत: दहापट मोठे दाखविणारे भिंग व दिवा असतो, ध्रुवित प्रकाशाच्या योगाने त्वचेच्या पृष्ठभागावरील चकाकी काढून टाकता येते आणि बाह्यत्वचेच्या खालचा थोडासा भाग दृष्टीस पडतो.

कणार्बुदी विकारांत ह्या भिंगातून नारिंगी-पिवळ्या रंगाचे रचनाहीन पट्टे व त्यांवरून गेलेल्या बारीक, फाटे फुटलेल्या रक्तवाहिन्या दिसतात. कुष्ठाच्या चट्ट्यात केसांची व घामाच्या छिद्रांची संख्या घटलेली दिसू शकते. राजस्थानात बिकानेरच्या भागात आढळणाऱ्या त्वचेच्या लीशमानियाजन्य व्रणात केसांच्या मुखाशी अश्रूच्या आकाराचे पिवळे ठिपके दिसतात. गजकर्ण, सोरायसिस यांसारखे कणार्बुद नसलेले विकार बाजूस काढण्यास तर ह्या भिंगाचा उपयोग निश्चितच होतो. शिवाय ते वेदनारहित आहे, वण ठेवीत नाही आणि पुन:पुन्हा वापरता येते.

इतके असूनही भिंगाकडून त्याच्या शक्तीबाहेरची अपेक्षा करणे इष्ट नाही. नारिंगी रंग हा कणार्बुदाचा आहे, क्षयाचा किंवा सार्कॉइडोसिसचा नव्हे. तो वेढा दाखवितो, आतील शत्रू दाखवीत नाही. भारतीय त्वचेतील कृष्णरंजकामुळे हा रंग पुष्कळदा झाकोळला जातो, आणि गोऱ्या त्वचेवरील चित्रे पाहून शिकलेल्या वैद्यास तो ओळखू येत नाही. भिंग जोराने दाबले तर ज्या रक्तवाहिन्या पाहावयाच्या त्याच रिकाम्या होतात. अंतस्त्वचेच्या खोल भागात काय चालले आहे, तेथपर्यंत ह्या भिंगाची दृष्टी पोहोचत नाही.

भिंगाचे खरे मोल दोन गोष्टींत आहे. संशयाची यादी त्याने आखूड होते. आणि बायोप्सीचा तुकडा नेमका कोठून घ्यावा, ते कळते. हे दोन उपयोग लहान नव्हेत. परंतु भिंगातून पाहिले म्हणून स्पर्श तपासला नाही, असे घडू लागले तर भिंगाने लाभाऐवजी हानीच होईल. हीच गोष्ट भ्रमणध्वनीवरून दूरच्या तज्ज्ञास पाठविल्या जाणाऱ्या छायाचित्रांविषयी आणि त्या छायाचित्रांचे वाचन करणाऱ्या संगणकाविषयीही म्हणता येईल. छायाचित्र कितीही स्पष्ट असले, तरी त्यास कापसाची वात लावता येत नाही.

सूक्ष्मदर्शकाची परीक्षा

बायोप्सीचे नाव काढताच रुग्ण दचकतो. वास्तविक ही शस्त्रक्रिया अगदी लहान आहे. त्वचा बधिर करणारे औषध टोचून, सुमारे ४ मिलिमीटर व्यासाच्या गोल पात्याने त्वचेचा दंडगोलाकार तुकडा काढतात व बहुधा एक टाका घालतात. मात्र तुकडा लहान असला तरी तो पूर्ण जाडीचा, म्हणजे खालच्या चरबीपर्यंतचा असावा लागतो. तो चट्ट्याच्या वाढत्या कडेवरून घ्यावयाचा असतो. मध्यभागी पुष्कळदा केवळ युद्ध संपलेले रणांगण असते.

ह्या ठिकाणी एक साधी बाब पुष्कळदा दुर्लक्षित राहते. काढलेला तुकडा नेहमीप्रमाणे फॉर्मालिनच्या बाटलीत टाकतात. फॉर्मालिनमुळे ऊतकाची रचना टिकते, पण त्यातील जंतू मरतात. मेलेला जंतू वाढविता येत नाही. म्हणजे त्वचेचा क्षय किंवा खोल कवकविकार यांचा संशय असेल, तर तुकड्याचा एक भाग निर्जंतुक मिठाच्या पाण्यात ठेवून संवर्धनासाठी वेगळा पाठविला पाहिजे. क्षयाच्या जंतूंचे संवर्धन घन माध्यमावर दिसू लागण्यास कित्येक आठवडे लागतात. तथापि जंतू वाढल्यास तो निर्णायक पुरावा ठरतो आणि त्यावर कोणते औषध लागू पडेल तेही पाहता येते. बाटलीचे झाकण लावल्यावर हा विचार सुचला तर त्याचा काही उपयोग नाही. प्रश्न आधी विचारावा लागतो. आणि तो प्रश्न बोटाने व भिंगाने केलेल्या परीक्षेतूनच निघतो.

सूक्ष्मदर्शकाखाली कणार्बुदांची मांडणी पाहून विकृतिवैज्ञानिक पुष्कळ काही सांगू शकतो. सार्कॉइडोसिसमध्ये ती उघडी, म्हणजे लसीका कोशिकांचे कडे विरळ असलेली दिसतात. क्षयात कडे दाट असते व मध्ये ऊतक मृत झालेले आढळू शकते. वलयाकार कणार्बुदात कोशिका कुंपणाच्या खांबांप्रमाणे रांगेने उभ्या असतात. खोल कवकविकारांत कणार्बुदांच्या जोडीस पूही असतो. कुष्ठात कणार्बुदे मज्जातंतूंच्या मार्गाने लांबट होतात व मज्जातंतू नष्ट झालेले आढळतात. १९६६ साली रिडली आणि जॉपलिंग यांनी कुष्ठरोगाचे जे पाच गट पाडले, त्यांचा पायाही ऊतकांतील ह्याच चित्रावर व रुग्णाच्या प्रतिकारशक्तीवर आहे. जंतू पाहण्यासाठी निरनिराळ्या रंजनपद्धती आहेत: क्षयासाठी झील-नील्सन, कुष्ठासाठी फाइट-फराको, कवकांसाठी पी. ए. एस. परक्या कणांचा शोध ध्रुवित प्रकाशाने घेतात.

परंतु येथेही निर्विवाद उत्तर प्रत्येक वेळी मिळत नाही. ल्युपस व्हल्गारिसमध्ये जंतू इतके थोडे असतात की ते बहुधा दिसतच नाहीत. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या कुष्ठरुग्णाच्या चट्ट्यातही तीच स्थिती. आणि कुष्ठाचा जंतू तर आजवर कृत्रिम माध्यमात वाढविता आलेला नाही. जंतूंच्या जनुकद्रव्याचा शोध घेणाऱ्या नव्या परीक्षेचे साहाय्य होते, पण तिचे नकारार्थी उत्तरही अंतिम मानता येत नाही. अशा वेळी क्षय, कुष्ठ व सार्कॉइडोसिस यांची सूक्ष्मदर्शकीय चित्रे एकमेकांजवळ येतात आणि विकृतिवैज्ञानिकास विचारावे लागते, ‘चट्ट्यास स्पर्श कळत होता की नाही?’ त्याच्या हातातील चिठ्ठीवर केवळ ‘त्वचेचा तुकडा’ एवढेच लिहिलेले असेल, तर मौल्यवान यंत्र असूनही तो अंधारात असतो.

उलट उदाहरणही भारतातीलच आहे. कलकत्त्यात डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२२ साली एका नव्या त्वचाविकाराचे वर्णन केले. काळा आजार बरा झाल्यावर काही रुग्णांच्या अंगावर फिके ठिपके व गाठी उठतात, आणि त्यांत लीशमानिया हा आदिजीव असतो. बिहार व बंगालमध्ये हे रुग्ण कुष्ठाचे समजले जाण्याचा धोका असतो. त्यांच्या चट्ट्यांत संवेदना शाबूत असते. परंतु बहुजंतू कुष्ठातही ती आरंभी शाबूत असतेच. तेव्हा येथे बोट निर्णय देऊ शकत नाही. त्वचेतील रसाची किंवा ऊतकाची परीक्षाच निर्णय देते. आणि हा निर्णय त्या एका रुग्णापुरता राहत नाही, कारण अशा रुग्णास चावलेल्या वाळूमाशीमार्फत काळा आजार पुन्हा गावात पसरू शकतो.

दोन आक्षेप

ह्यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, एवढा खटाटोप करण्यापेक्षा औषध देऊन पाहावे. गुण आला तर निदान आपोआप सिद्ध होईल. दूरच्या खेड्यात, प्रयोगशाळेच्या अभावी, अनुभवी वैद्य हा मार्ग पत्करतो तेव्हा त्यास दोष देणे अन्यायाचे होईल. त्वचेच्या क्षयात पाच-सहा आठवड्यांच्या औषधांनी येणारा गुण हा एक पुरावा म्हणून मानलाही जातो. परंतु ह्या मार्गात एक फसवे वळण आहे. रिफॅम्पिसिन हे औषध क्षयाच्या जंतूस मारते, तसेच कुष्ठाच्या जंतूसही मारते. तेव्हा त्याने चट्टा सुधारला म्हणजे तो क्षयच होता, असे सिद्ध होत नाही. आणि मज्जातंतूंची तपासणी न झाल्यामुळे हाताची बोटे मात्र वाकडी होत राहतात. सार्कॉइडोसिस समजून स्टेरॉइड दिले व रोग क्षयाचा निघाला, तर शरीराने मोठ्या कष्टाने घातलेला वेढाच उठविल्यासारखे होते. आणि सार्कॉइडोसिसच्या रुग्णास महिनोन् महिने क्षयाची औषधे दिली, तर लाभावाचून यकृतास मात्र धोका संभवतो. औषध देऊन पाहावयाचे असेल तर ते तुकडा घेतल्यानंतर पाहावे, आधी नव्हे. औषधाने पुरावा पुसला जातो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. भिंग व प्रयोगशाळा सर्वत्र कोठून आणावयाची? हा आक्षेप खरा आहे. पण तो तिसऱ्या साधनास लागू पडतो, पहिल्यास नाही. कापूस, दोन नळ्या आणि पाच मिनिटांचा अवधी ह्यांस खर्च म्हणता येत नाही. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने १९५१ साली कार्यास आरंभ केला, तेव्हा खेड्याखेड्यांत घरोघर जाऊन सर्वेक्षण, शिक्षण व उपचार करणारे कार्यकर्ते ह्याच साधनांनी रुग्ण शोधीत असत. ते सारे तज्ज्ञ वैद्य नव्हते. पण स्पर्श कसा तपासावा हे त्यांस शिकविलेले होते.

आज नेमके हेच कौशल्य क्षीण होण्याचे भय आहे. २००५ च्या अखेरीस भारतातील कुष्ठरुग्णांचे प्रमाण दर दहा हजारांस एकाहून कमी झाले आणि सार्वजनिक आरोग्याची समस्या ह्या अर्थाने रोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले. स्वतंत्र कुष्ठकार्य सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळून गेले. परंतु त्या घोषणेचा अर्थ रोग संपला असा नव्हता. आजही भारतात दरवर्षी सुमारे एक लाख नवे कुष्ठरुग्ण नोंदले जातात, आणि जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक ह्याच देशातील असतात. जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात. काही वेळा वीसही. रोग दुर्मिळ वाटू लागला की वैद्याच्या मनातून तो उतरतो, आणि मनात नसलेला रोग डोळ्यांस दिसत नाही.

काय व्हावयास हवे?

ह्या सर्व विवेचनातून निघणारा आग्रह असा की, वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास डर्मोस्कोप हाती देण्यापूर्वी मज्जातंतू चाचपण्यास शिकवावे, आणि परीक्षेत त्याची कसोटी घ्यावी. काही आठवडे टिकून असलेल्या प्रत्येक चट्ट्यावर स्पर्शपरीक्षा केल्याची नोंद रुग्णपत्रिकेत असावी. डर्मोस्कोपच्या शिक्षणात भारतीय त्वचेवरील चित्रे प्रथमस्थानी असावीत. बायोप्सीबरोबर जाणाऱ्या चिठ्ठीत चट्ट्याचे स्थान, त्याचे वय, संवेदनेची स्थिती, भिंगातून दिसलेले चित्र आणि संशयित रोगांची नावे लिहिली जावीत. आणि अहवाल आल्यावर चिकित्सक व विकृतिवैज्ञानिक यांनी तो एकमेकांशी बोलून वाचावा. ह्यांपैकी एकाही गोष्टीस नवे यंत्र लागत नाही.

सामान्य वाचकाचाही ह्यात वाटा आहे. स्टेरॉइडयुक्त मलम स्वत:च्या मनाने लावल्यास चट्ट्याची लाली जाते, पण रोग जात नाही. उलट चिन्हे पुसट होऊन निदान अधिक कठीण होते. न खाजणारा, न दुखणारा चट्टा निरुपद्रवी असतो, अशी जी समजूत आहे तीही सोडली पाहिजे. वेदना नसणे हे काही वेळा आरोग्याचे लक्षण नसून मज्जातंतू मेल्याचे लक्षण असते. आणि कुष्ठरोगाचे निदान झाले तरी भयभीत होण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने हा रोग बरा होतो. ती औषधे शासकीय आरोग्यकेंद्रांत विनामूल्य मिळतात. आणि उपचार सुरू झाल्यावर रुग्णापासून संसर्गाचा धोका लवकरच नाहीसा होतो. बरे होत नाही ते उशिरामुळे वाकडे झालेले बोट आणि मिटेनासा झालेला डोळा.

१८९८ सालचा कुष्ठरुग्णांस वेगळे ठेवण्याविषयीचा जुना कायदा २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानण्याची तरतूद २०१९ साली व्यक्तिगत कायद्यांतून काढून टाकण्यात आली. समाजाने रोग्यावर लादलेले ओझे अशा रीतीने हळूहळू उतरत आहे. परंतु ज्यास कुष्ठ नाही त्यास कुष्ठरोगी म्हणणे, आणि ज्यास आहे त्यास गजकर्णाचे मलम देऊन परत पाठविणे, ह्या दोन अन्यायांवर कायद्याचा उपाय चालत नाही. त्यांवर उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे अचूक निदान.

मनगटावरील त्या वाटोळ्या चट्ट्याकडे पुन्हा एकदा पाहावे. पहिल्या महिन्यातच कोणी त्यावर कापसाची वात टेकविली असती, तर पुढील प्रश्न योग्य दिशेने विचारला गेला असता. भिंगाने जागा दाखविली असती, सूक्ष्मदर्शकाने साक्ष दिली असती, आणि करंगळी सरळ राहिली असती. विज्ञानाने वैद्यास नवी साधने दिली ती जुनी टाकून देण्यासाठी नव्हेत. बोटाने विचारावे, भिंगाने शोधावे, सूक्ष्मदर्शकाने पडताळावे, आणि शेवटी तिघांचीही उत्तरे एकमेकांशी ताडून पाहावीत. हा क्रम जेथे पाळला जाईल तेथे रुग्णास न्याय मिळेल.